हिरडीतून रक्तात

डेन्मार्कमधल्या आऱ्हुस शहरातल्या दंतवैद्यक महाविद्यालयात १९६०च्या दशकात हाराल्ड ल्यो या प्राध्यापकाने अगदी साधा वाटणारा एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसं त्याने निवडली, त्यांत बहुतेक तिथलेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, की आजपासून दात घासायचे नाहीत. बाकी खाणंपिणं, राहणं सगळं नेहमीसारखं. मधूनमधून त्यांच्या हिरडीच्या कडेवरचा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई. सुरुवातीला तिथे तुरळक गोल जंतू दिसत. मग त्यांच्यात दोऱ्यासारखे लांबट जंतू मिसळू लागले आणि पुढे वळवळणारे नागमोडी जंतू आले. १० ते २१ दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, बोट लागताच त्यांतून रक्त येऊ लागलं. एकही जण सुटला नाही. मग पुन्हा ब्रश सुरू झाला आणि आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध दंतवैद्यकात आजही शिकवला जातो. हिरड्या का सुजतात याची तोवर अनेक कारणं सांगितली जात. ल्योने दाखवून दिलं, की दातावर साचणारा जंतूंचा थर एवढं एकच कारण पुरेसं आहे, आणि तो थर काढला की सूज जाते.

इथे गोष्ट संपली असती, तर या प्रकरणाची गरजच नव्हती. पण ल्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांना १९७० ते १९८५ अशी १५ वर्षं पुन्हापुन्हा तपासलं. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता आणि दाताचा डॉक्टर तर त्यांच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. (आज असा अभ्यास नीतिसमितीपुढे टिकणं कठीण आहे. आजार वाढताना १५ वर्षं नुसता पाहत राहायचा, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.) सगळ्यांच्या दातांवर कीटणाचे थर होते, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही निकाल एकसारखा लागला नाही. सुमारे ११ टक्के माणसांत आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने वाढला. आणि ८ टक्क्यांमध्ये तो इतक्या झपाट्याने पसरला, की पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्या तोंडात दात उरले नाहीत.

तेच जंतू, तीच घाण, तोच मळा. फरक होता तो माणसाच्या शरीराने या जंतूंना दिलेल्या प्रतिसादात. हिरडीचा आजार जंतू सुरू करतात, पण नुकसान बरंचसं आपल्याच शरीराच्या दाहामुळे होतं. हिरडी आणि बाकीचं शरीर यांचा संबंध समजून घ्यायचा तर हीच गोष्ट आधी लक्षात ठेवायला हवी.

दात हा मोठा विचित्र अवयव आहे. शरीराचं आवरण भेदून तो बाहेर आलेला असतो, निम्मा हाडात आणि निम्मा जंतूंनी भरलेल्या तोंडात. या दोन जगांच्या सीमेवर हिरडी दाताला बिलगून बसलेली असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्येही एक बारीक फट असते, १ ते ३ मिलिमीटर खोल. जंतूंचा थर तिथे साचत राहिला की लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा. तिथे खरखरीत लागलं, तर ते बहुधा कीटणच. लाळग्रंथींची तोंडं तिथे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला उघडतात, म्हणून या दोन ठिकाणी ते सर्वांत आधी जमतं. ब्रशने ते निघत नाही.

सूज टिकून राहिली की हिरडी दातापासून सुटू लागते, फट खोल होते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल फटीला डॉक्टर पॉकेट म्हणतात. त्या खिशात ब्रश पोचत नाही आणि प्राणवायूही फारसा पोचत नाही. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना याहून चांगलं घर कुठलं मिळणार? पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला सर्वांत बदनाम. यापुढे सूज नुसत्या हिरडीपुरती राहत नाही. दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड विरघळू लागतं. आपल्याकडे याला सरसकट पायोरिया म्हणतात. सुजलेली हिरडी बरी होते, पण गेलेलं हाड साधारणपणे परत येत नाही. आणि हे सगळं घडत असताना दुखत नाही, ही यातली खरी अडचण. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे धावतो. हिरडीचा आजार वीस-वीस वर्षं मुकाट्याने चालतो.

तो ओळखायची पद्धत पाहण्यासारखी आहे. डॉक्टर काळे पट्टे रंगवलेली एक बोथट बारीक सळई घेतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच फटीत सरकवतात. सळई जिथे अडेल तिथला आकडा मोठ्याने सांगतात, शेजारी उभी असलेली मदतनीस तो लिहून घेते: ‘तीन, दोन, तीन... तीन, तीन, चार... पाच, चार, सहा.’ २८ दातांचे १६८ आकडे. खुर्चीतल्या माणसाला सुरुवातीला काही बोध होत नाही, पण पाच आणि सहा हे आकडे वारंवार कानावर येऊ लागले, की काहीतरी बिनसलंय हे न सांगता कळतं. तुमच्या डॉक्टरांनी ही सळई कधीच वापरली नसेल, तर तुमच्या हिरड्यांची पूर्ण तपासणी अजून झालेली नाही, असं खुशाल समजा.

या खिशांच्या आतलं अस्तर म्हणजे एक उघडी जखमच असते. ‘तळहाताएवढी जखम’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते अतिशयोक्त आहे. नीट हिशेब करणाऱ्यांनी पायोरिया झालेल्या माणसात हे क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं असं काढलं आहे. जास्तीत जास्त म्हणजे अर्ध्या व्हिजिटिंग कार्डाएवढं. पण तेवढी जखम पोटरीवर असती आणि तिच्यातून वर्षानुवर्षं पू येत असता, तर घरच्यांनी आपल्याला एक दिवस तरी स्वस्थ बसू दिलं असतं का?

या जखमेतून शरीरात काय जातं? एक तर जंतू जातात. चावताना, ब्रश करताना, दात काढताना ते रक्तात शिरतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांचा थोड्याच वेळात फडशा पाडतं. दुसरं म्हणजे दाहाचे रासायनिक निरोप जातात. हिरडीत तयार झालेली ही द्रव्यं रक्तातून यकृतापर्यंत पोचतात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. रक्ततपासणीच्या अहवालात वाढलेला सीआरपी अनेकांनी पाहिला असेल. शरीरात कुठेतरी धुमसतंय, एवढंच तो सांगतो. कुठे ते सांगत नाही. तिसरी वाट श्वासनलिकेची. तिच्याकडे पुढे वळू.

आता इतिहासातलं एक काळं पान. तोंडातल्या जंतूंमुळे अंगभर आजार होतात हा विचार नवा नाही. विलोबी मिलर या अमेरिकी संशोधकाने १८९१ मध्ये तो मांडला होता. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलमध्ये एक भाषण दिलं. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसवणाऱ्या दंतवैद्यांवर त्याने त्यात असे काही कोरडे ओढले, की पुढची तीसेक वर्षं पाश्चात्त्य वैद्यक या कल्पनेने झपाटून गेलं. सांधे दुखतात? काढा दात. पोट बिघडलंय? काढा दात. यातलं टोक गाठलं ते न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने. वेड हे दातांतल्या आणि आतड्यांतल्या संसर्गाने लागतं अशी त्याची खात्री होती. रुग्णांचे दात, मग टॉन्सिल, मग आतड्याचे भाग तो काढत गेला. शेकडो रुग्ण या शस्त्रक्रियांमुळे दगावले. कॉटन ८५ टक्के रुग्ण बरे केल्याचा दावा करत होता. फिलिस ग्रीनेकर या तरुण महिला डॉक्टरने १९२०च्या दशकात या दाव्यांची तपासणी केली, तेव्हा त्यात तथ्य आढळलं नाही. तिचा अहवाल दाबून टाकला गेला. कॉटनने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते. म्हणजे तो लबाड नव्हता, त्याचा विश्वास होता. वैद्यकात लबाडापेक्षा असा माणूस जास्त घातक ठरतो, असं माझं मत आहे.

या प्रकाराने ही सगळी कल्पनाच बदनाम झाली आणि दात एकीकडे, शरीर दुसरीकडे अशी वाटणी झाली. दाताचं कॉलेज वेगळं, पदवी वेगळी, दवाखाना वेगळा. विमाही बहुतेक वेळा दाताला सोडून उरलेल्या शरीराचाच. १९८९ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांची तुलना इतर १०२ लोकांशी केली आणि झटका आलेल्यांची तोंडं जास्त खराब असल्याचं दाखवलं, तेव्हा हे बंद दार पुन्हा किलकिलं झालं. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरत होता. त्यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली.

पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्याही खराब होतात आणि हृदयही. ज्याला दाताच्या डॉक्टरकडे जाणं परवडत नाही, त्याला चांगला आहार आणि वेळच्या वेळी रक्तदाबाची तपासणीही परवडत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये तोवरचा सगळा पुरावा तपासून सांगितलं, की हिरडीचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, तो धूम्रपानासारख्या कारणांनी पूर्ण उलगडत नाही. पण हिरडीमुळे हृदयविकार होतो किंवा हिरडीच्या उपचाराने तो टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. मला हे विधान प्रामाणिक वाटतं.

तरी एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गंभीर पायोरियाच्या १२० रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाच्या खिशांची खोलवर, कसून सफाई केली, दुसऱ्याची वरवरची. मग दंडाच्या धमनीचं प्रसरण किती होतं ते मोजलं. चोवीस तासांनंतर कसून सफाई झालेल्यांच्या धमन्या आधीपेक्षा वाईट स्थितीत होत्या, कारण सफाई करतानाच जंतू आणि दाह रक्तात उसळला होता. साठ दिवसांनी मात्र त्याच धमन्या दुसऱ्या गटापेक्षा सुधारल्या आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. हिरडीत हात घातला की दूरच्या रक्तवाहिनीला त्याची खबर लागते, एवढं तर यातून पक्कं झालं. झटके टळतात की नाही, हा प्रश्न वेगळा.

हृदयाच्या बाबतीत एक संबंध मात्र निर्विवाद आहे, आणि आपल्या देशात तो जास्त महत्त्वाचा. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या झडपेवर तोंडातून रक्तात गेलेले जंतू घर करू शकतात. हा संसर्ग जिवावर बेततो. कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस देतात तो यासाठीच.

मधुमेहाची गोष्ट मात्र वेगळी, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने या प्रकरणातलं एकच पान वाचायचं ठरवलं तर हे वाचावं. भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या, भरून न येणाऱ्या जखमा ही मधुमेहाची नेहमीची पाच दुखणी. याच हाराल्ड ल्योने १९९३ मध्ये हिरडीच्या आजाराला सहावं दुखणं म्हटलं. त्याचा आधार होता अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या पिमा या आदिवासी समाजात झालेला अभ्यास. या समाजात मधुमेहाचं प्रमाण प्रचंड आहे.

साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम भरायला लागणारं कोलॅजन नीट तयार होत नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. हिरडीची सूज त्यामुळे लवकर हाडापर्यंत जाते. एवढं ऐकून कोणालाही पटेल. पण हा रस्ता दुहेरी आहे. हिरडीतल्या दाहामुळे रक्तात उतरणारी द्रव्यं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून साखर आटोक्यात येत नाही. पिमा लोकांतच असं दिसलं, की सुरुवातीला गंभीर पायोरिया असलेल्या मधुमेहींची साखर पुढच्या काळात जास्त बिघडली. हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजाराने होणारे मृत्यूही त्यांच्यात सुमारे तिप्पट आढळले.

मग हिरड्या साफ केल्या तर साखर उतरते का? २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने नाही असं उत्तर दिलं. त्यावर बरीच खडाजंगी झाली. टीकाकारांचं म्हणणं होतं, की उपचारानंतरही या रुग्णांच्या हिरड्या पुरेशा बऱ्या झाल्याच नव्हत्या, मग साखर कशी उतरणार? २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष असा, की हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे ज्याला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती, सरासरी ०.४३ने खाली येते. ऐकायला आकडा किरकोळ. पण ८.२ वरून ७.८ वर येण्यासाठी लोक एक गोळी वाढवून घेतात आणि तिचे दुष्परिणामही सोसतात. इथे ते काम कीटण काढून होतं, आणि वर दातही वाचतात.

तरीही मधुमेहाच्या दवाखान्यात तळपाय पाहतात, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात, लघवीतली प्रथिनं मोजतात. तोंड उघडायला सांगतात ते घसा पाहण्यापुरतं. दाताच्या दवाखान्यातही पायोरिया पाहून ‘शुगर तपासली आहे का कधी?’ असं विचारलंच जाईल याची खात्री नाही. खरं तर वारंवार हिरडीला गळू होणं हे लपलेल्या मधुमेहाचं पहिलं लक्षण असू शकतं.

महाराष्ट्रात हिरडीची गोष्ट मिश्रीशिवाय पुरी होत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची, डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर चिमूटभर पूड बोटावर घेऊन दात आणि हिरड्यांवर घासायची आणि चूळ भरायची घाई न करता तोंडात तशीच राहू द्यायची. खेड्यापाड्यांतल्या आणि मुंबईतल्या वस्त्यांमधल्या कितीतरी बायका दिवसातून चार-पाच वेळा ‘दात लावतात’. दाढ दुखत होती, कोणीतरी सांगितलं मिश्री लाव, बरं वाटलं, मग सुटलीच नाही, अशीच बहुतेकींची कहाणी. पुरुषाची तंबाखू व्यसन म्हणून गणली जाते; बाईची मिश्री दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली खपून जाते, नवी सून सासूसमोरही लावू शकते.

निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं. तंबाखूवाल्याची हिरडी फिकट, कोरडी, वरवर घट्ट दिसते आणि आत हाड झिजत असतं. धोक्याची घंटाच तंबाखू काढून घेते. मिश्री किंवा तंबाखू सोडल्यावर काही दिवसांनी हिरडीतून रक्त येऊ लागलं, तर घाबरून पुन्हा डबीकडे हात नेऊ नये. रक्तपुरवठा परत येतोय, झाकलेली सूज उघडी पडतेय, इतकंच. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार? तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच. त्यावर वेगळं प्रकरण आहे.

आता त्या तिसऱ्या वाटेकडे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला गिळताना ठसका लागतो, लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, आणि लाळेबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर सेवकांनी घासले आणि आठवड्याला दंतवैद्याने सफाई केली. दुसऱ्या गटात ज्याचं त्याने पाहायचं होतं. पहिल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्यात १९ टक्के लोकांना. औषध नाही, यंत्र नाही, फक्त ब्रश. आपल्याकडे घरोघर आजारी आजी-आजोबांची सेवा मनापासून होते, अंग पुसतात, कुशीवर वळवतात, पावडर लावतात. तोंड मात्र राहून जातं. कवळी तर दिवसरात्र तोंडातच असते. कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवावी. दात नसले तरी ओल्या मऊ कापडाने हिरड्या आणि जीभ पुसावी.

बाकीचे दावे थोडक्यात उरकतो, कारण त्यांत दमापेक्षा आवाज जास्त आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, हे खरं. हिरडीच्या आजारामुळे मूल लवकर जन्मतं, हा संबंध १९९६ पासून चर्चेत आहे. पण अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिरड्यांच्या उपचाराने मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या नाहीत. उपचार सुरक्षित मात्र ठरला. तेव्हा ‘पोटुशी आहे, आता दाताला हात नको’ ही समजूत सोडून द्यावी. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पोर्फिरोमोनासच्या खुणा सापडल्याचं २०१९ मध्ये गाजलं, त्यावर बेतलेलं औषधही आलं; २०२१ मध्ये त्याची मोठी चाचणी अपयशी ठरली. आमवाताशी, म्हणजे हातापायांचे छोटे सांधे सुजवणाऱ्या आजाराशी, असलेला संबंध त्यामानाने दमदार आहे. पोर्फिरोमोनासकडे एक विकर आहे. ते आपल्या प्रथिनांत असा बदल घडवतं, की शरीर त्यांना परकं समजू लागतं, आणि आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात याच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात. सध्या एवढंच.

उलट दिशेने, शरीरातल्या बिघाडाची चाहूल हिरडीवर लागते हे मात्र वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग सांगितले आहेत. त्यांतल्या शीतादात हिरडीतून अकस्मात रक्त येतं, ती मऊ पडते, काळपट होते, दुर्गंधी सुटते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने दर्यावर्दींच्या हिरड्या अशाच फुगत. आजही डेंग्यूच्या तापात हिरडीतून रक्त आलं, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं. रक्ताच्या कर्करोगाचं निदान कधी कधी पहिल्यांदा दाताच्या खुर्चीत होतं, कारण हिरड्या अचानक सुजून दातांवर चढलेल्या असतात. आणि एक अगदी घरगुती उदाहरण: रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी काहींच्या हिरड्या वाढवते. फिट्सवरची फेनिटॉइनही तेच करते. हिरडी जाड होऊन दात झाकू लागली, तर आधी गोळ्यांचं पाकीट तपासावं आणि डॉक्टरांशी बोलावं. पर्याय असतात.

उपचाराला लोक घाबरतात ते एका समजुतीमुळे: दात साफ करून घेतले की हलायला लागतात, फटी पडतात. फटी पडल्यासारख्या वाटतात हे खरं, कारण त्या आधीपासून होत्या आणि कीटणाने भरलेल्या होत्या. सुजलेली हिरडी उतरली की दात लांबही दिसतात. दात हलत होते ते हाड गेल्यामुळे. कीटण त्यांना नुसतं बांधून उभं करत होतं. सफाईनंतर काही दिवस थंड पाणी झोंबतं, मग कमी होतं.

घरी करायचं ते थोडंच: मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून हलके. दातांच्या मधल्या जागेत ब्रश जात नाही, तिथे दोरा किंवा बारीक ब्रश घालावा. मीठ, राखुंडी, कोळशाची पूड खसाखसा चोळू नये, दातांवरचं कवच झिजतं. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण ती सळई घेऊन सगळे आकडे मोजण्याची शिस्त तिथे असते.

जाताना तीन महिन्यांच्या शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि रोजच्या गोळ्यांची यादी सोबत न्या. हृदयाची झडप बदलली असेल, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही सांगा. पण दात साफ करायचे आहेत म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. ती थांबवायची की चालू ठेवायची, हे हृदयाच्या आणि दाताच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं असतं.